दोन सीटची गाडी

मूल,
जि. चंद्रपूर, ७ फेब्रुवारी १९९९

प्रिय प्रेमिला,

सप्रेम नमस्कार. तुझं अंतर्देशीय मिळालं. धान घरात आलं, गुणवंतरावांची शाळा घराजवळच आहे, त्यांची दोन्ही पोरं तुला आई म्हणायला लागली, सगळं वाचलं. बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. दवाखान्यात खोकल्याचे पेशंट कमी झाले. आता मोहफुलं वेचायला गेलेले आणि अस्वलाने ओरबाडलेले यायला लागतील. तुझ्या जागेवर अजून कुणी सिस्टर आलेली नाही, त्यामुळे क्वार्टर माझ्या एकटीकडेच आहे. ऐसपैस वाटतं.

आता मुख्य बातमी. लग्न करून जाताना तू सांगितलं होतंस, "बाबाची गाडी भंगारवाल्याले देऊन टाक नीला, उगाच जागा अडवून राह्यली." मीही हो म्हटलं होतं. परवा भंगारवाला आला आणि भाव पाडायला म्हणून त्याने मडगार्डवर लाथ मारली. मला असा संताप आला म्हणून सांगू! मनसारामकाका दर दसऱ्याला जिला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचे, तिला हा लाथ मारतो? दिला हाकलून. आणि त्या तावात बोलून बसले की ही विकायची नाही, दुरुस्त करायची आहे. वॉर्ड झाडणारी आपली बुधरी तिथेच उभी होती. आता माघार घेतली तर ती दवाखानाभर करेल.

तर सध्या मी मेकॅनिक आहे. येणारा-जाणारा कुंपणावरून विचारतो, "नीलाबाई, हे बिनटपाची गाडी कोनाची जी?" मी सगळ्यांना सांगते, कोळशाच्या खाणीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत जाताना हिची किल्ली आपल्या ड्रायव्हरच्या हातात ठेवून गेला, आणि तो ड्रायव्हर म्हणजे प्रेमिला सिस्टरचे वडील. त्यांनी ती फारशी चालवली नाही, पण विकलीही नाही. काका गेल्यावर आपण दोघींनी ती बैलजोडीला बांधून इथे आणली, तू स्टिअरिंगवर बसलेली आणि मी बैलांपुढे, एवढं मात्र कुणाला सांगत नाही.

बसस्टँडजवळच्या बिरजूला दाखवली. तो स्कूटर दुरुस्त करतो, पण इथे दुसरा आहे कोण? गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बाई, इच्यात गाडी कमी आन् गंजच जास्त हाय. तुमी टीव्ही घ्या." टीव्ही घ्या म्हणे! मी त्याच्याकडून पाने मागून आणले आणि चंद्रपूरहून मोटार दुरुस्तीचं एक पुस्तक. पुस्तक दुसऱ्याच गाडीचं आहे, पण आतडी सगळ्यांची सारखीच असतात असं धरून चालले आहे.

मडगार्डला गंजून भोकं पडली होती. त्यांवर मुदत संपलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून थापल्या, मोडलेल्या नडगीला थापतो तशाच. वाळल्यावर घासून लाल रंग दिला. जखम कुठे होती ते आता मलाही सापडत नाही. पेट्रोलची नळी कुजली होती, तिथे सलाईनची नळी जोडली. पेट्रोल उतरताना छान दिसतं. विलायतेत कुणाला सुचलं नसेल.

तू लिहिलंस, स्वतःबद्दल लिही. लिहिलंच की.

घरच्यांना नमस्कार.

तुझी,
नीला


मूल,
१३ जून १९९९

प्रिय प्रेमिला,

सप्रेम नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, कारण उजवा हात बांधलेला होता. अक्षर अजून वाकडं येतं, घाबरू नकोस.

ही गाडी पुढून हँडल मारून सुरू करायची असते. काकांना मारताना मी पाहिलं होतं, पण ते अंगठा कुठे ठेवायचे ते पाहिलं नव्हतं. इंजिन एकदा खोकललं आणि हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं. दवाखान्यापर्यंत चालत गेले असते तर कुणीही बांधून दिलं असतं. पण बुधरीचे टोमणे कोण ऐकणार? घरीच बसले बांधत. पट्टीचं एक टोक दातात, दुसरं पायाच्या अंगठ्यात. जन्मभर लोकांना पट्ट्या बांधल्या आणि स्वतःचा उजवा हात बांधता येत नाही हे आत्ता कळलं. पट्टी पुन्हा पुन्हा सुटायची. मग "प्रेमिला, जरा धर गं" असं तोंडातून निघून गेलं. घरात कुणी नाही, आणि मी आपली उत्तराची वाट बघत बसलेली. मग थोडी रडले. हात दुखत होता ना.

सलाईनच्या नळीने दगा दिला. पेट्रोलने ती आधी कडक झाली, मग तडकली, आणि सगळं पेट्रोल अंगणात. नशीब, शेजारच्या पेटलेल्या चुलीकडे ओघळ गेला नाही. आता रबराची खरी नळी बसवली आहे.

आणखी एक सांगायचं आहे. कसं सांगू ते कळत नाही, म्हणून सरळच सांगते. या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. आपल्या गाडीचा वाळवीने पार भुसा केलेला. सुतार म्हणाला, जुनं मुरलेलं सागवानच पाहिजे. मी दिलं. त्याने अंगणात करवत लावली, आणि दुसऱ्या दिवशी वनरक्षक दारात हजर.

"बाई, हा सागवान कुठचा? याच्यावर शिक्का नाई काई नाई. पास दाखवा."

मी म्हटलं, "पलंगाचा आहे."

"कोनाच्या पलंगाचा?"

मी खाली बसून भुसा गोळा करायला लागले. त्याला वाटलं, चोरीचाच माल. शेवटी सुताराने उरलेले कातीव पाय आणून दाखवले तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. जाताना त्या पायांवरून हात फिरवून म्हणाला, "चांगला पलंग होता जी. काऊन तोडला?"

तर प्रेमिला, तुझा पलंग मी तोडला. रागावू नकोस. रिकामा पडला होता. रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा पिण्याचा मला कंटाळा आला होता. तुझ्या उशाकडची फळी आता गाडीच्या डाव्या दारात आहे आणि बाकीचा सगळा दोन्ही सीटखाली.

"गाडी कशी आहे ते नको, तू कशी आहेस ते लिही" असं तू या वेळी खाली रेघ ओढून लिहिलंस. हात बरा आहे. कार्बोरेटर बरा नाही.

घरच्यांना नमस्कार.

तुझी,
नीला


मूल,
२२ ऑक्टोबर १९९९

प्रिय प्रेमिला,

सप्रेम नमस्कार. गाडी सुरू झाली!

पहिल्यापासून सांगते. पावसाळ्यात माझं प्लास्टर भिजलं, फुगलं आणि मडगार्डवरून ढेपाळून खाली आलं. लाल रंगाची कातडी तेवढी वर लोंबत राहिली. बिरजू आला, एक शब्दही न बोलता पत्रा झाळून दिला. तो बोलला असता तर बरं झालं असतं. कार्बोरेटर किती वेळा उघडला ते विचारू नकोस. दमट हवा असली की बाईसाहेब हूं की चूं करत नाहीत. ऊन पडलं की एकदम खुशीत. मग इतका धूर की शेजारचे आपल्या कोंबड्या उचलून नेतात.

सगळ्यात मी हरले ती ब्रेकपाशी. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावी लागते. एकाने आत बसून पायडल दाबायचं, सोडायचं, आणि दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून त्याच वेळी स्क्रू उघडायचा, मिटायचा. मी पायडलवर पाटा ठेवून पाहिला. पायडलला लुगड्याचा पदर बांधून चाकापासून ओढून पाहिला. काठी लावली. नाही जमलं. एकटीने होण्यासारखं ते कामच नाही. बाकी सगळं एकटीने होतं गं, स्वयंपाक होतो, दिवाळीची सफाई होते, तापसुद्धा एकटीने काढता येतो. हेच होत नव्हतं.

शेवटी बुधरीला बोलावलं. ती स्टिअरिंगवर राणीसारखी बसली. मी खालून ओरडतेय, "दाब… धरून ठेव… सोड." आणि सवयीने पुढे निघून गेलं, "आणखी थोडा जोर लाव बाई, आलंच आता." बुधरीने डोकं टेकून हसायला सुरुवात केली. "नीलाबाई, का येऊन राह्यलं? पोरगा का पोरगी?" मीही गाडीखाली पडल्या पडल्या हसले. मग ती म्हणाली, "प्रेमिला सिस्टर असती त मले बोलवाचं कामच नसतं पडलं तुमाले." मी म्हटलं, गप्प बस, स्क्रू घट्ट करू दे.

दसऱ्याला काकांसारखाच हार घातला, हँडल मारलं (अंगठा बाहेर ठेवून), आणि ती लागली. दवाखान्याला फेरी मारून आले. जीप चालवायला ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने कधीच शिकवलं होतं, लायसन्सही आहे. डावी सीट तेवढी मोकळी होती. बुधरी बसायला आली होती, मी नाही बसू दिलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

किरकोळ दोष एकच. गिअरचा डबा उघडून परत लावला तेव्हा एक स्प्रिंग हातात उरली आणि तेव्हापासून रिव्हर्स पडत नाही. स्प्रिंग इंजेक्शनच्या खोक्यात टाकून ठेवली. मला मागे कुठे जायचं आहे? पुढेच तर यायचं आहे.

तू लिहिलंस, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेसाठी तुमच्या गल्लीतल्या सगळ्या सुनांना माहेरी न्यायला त्यांचे भाऊ येणार, आणि रिंकूने तुला विचारलं, "आई, आपला मामा काऊन नाई येत?" मी त्या वाक्यापाशीच थांबले. पुढचं वाचलंच गेलं नाही. लेकरूसुद्धा विचारतं, म्हणजे तुझं काय होत असेल.

काळजी करू नकोस. एवढंच लिहिते.

तुझी,
नीला


मूल,
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय प्रेमिला,

रिंकूने तुला सांगितलंच असेल. हो, ती बाई मीच होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. तुला कळवलं नाही. माहेरी न्यायला येणारा मुऱ्हाळी कळवून येत नाही, येऊन उभा राहतो, आणि घरातली सून पिशवी भरायला धावते. तुला भाऊ नाही, काका गेल्यावर माहेरही उरलं नाही. म्हटलं, मुऱ्हाळी मी होते. बाईमाणूस मुऱ्हाळी कुणी पाहिलेली नसेल, पण बिनटपाची गाडी तरी कुणी पाहिली होती?

सावली गावापर्यंत ती सरळ चालली. व्याहाडला तापली. वैनगंगेच्या पुलाअलीकडे थांबून तिला पाणी पाजलं, मीही प्यायले. दोन्हीकडे धानाची कापणी चाललेली. बायका विळे उंचावून हाका मारत होत्या. गडचिरोली ओलांडून चामोर्शीच्या रस्त्याला लागले तेव्हा मला गाणं सुचत होतं. इतकी खूश मी तू गेल्यापासून नव्हते. घरी तुझ्यासाठी नवा पलंग आणून ठेवला होता, गादी भरून घेतली होती. मंडईच्या दोन दिवसांसाठी कुणी गादी भरून घेत नाही. हे तेव्हा स्वतःशीही बोलले नव्हते.

तुमची गल्ली पुढे बंद होते हे मला कसं माहीत असणार? थेट तुमच्या अंगणात, धानाच्या भाऱ्यांच्या ढिगाला नाक लावून गाडी थांबली. भोंगा दाबला. रिंकू बाहेर आली. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, आणि रिबिनीचं टोक आपण पट्टीचं टोक दुमडून आत खोचतो तसं खोचलेलं. तिथेच माझं पाणी पाणी झालं.

"कोन पाहिजे जी?"

"प्रेमिला सिस्टर."

"सिस्टर नाई, आई हाय ते माही." चांगलीच ठसक्यात. "बाबासंग बाजाराले गेली. सांजेले येते."

दोरीवर तुझं निळं लुगडं वाळत होतं. दाराशी जुन्या चपलांचे दोन मोठे जोड, दोन लहान. अंगण सारवलेलं, आणि रांगोळीत तू काढतेस तशी ती तिरकी वेल. तुझं घर होतं ते, प्रेमिला. कुणाचीही वाट बघत बसलेलं घर ते नव्हतं.

तेवढ्यात पोरीने गाडीकडे नीट पाहिलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले. "हे त नीलामावशीची गाडी! लाल, बिनटपाची! तू नीलामावशी हायस का?"

आणि मी म्हटलं, "नाही. मी दुसरी."

लेकराशी खोटं बोलले. साऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीत अशी दुसरी गाडी नाही, आणि मी म्हणते मी दुसरी! हो म्हटलं असतं तर थांबावं लागलं असतं. संध्याकाळी तू गुणवंतरावांबरोबर पिशव्या घेऊन, बोलत, हसत त्या गल्लीतून येताना मला दिसली असतीस. ते बघायची माझी ताकद नव्हती.

पळून जायचं तर गाडी मागे घ्यायला हवी, आणि रिव्हर्स पडत नाही. मी आपली दांडा ओढतेय, गिअर कुरकुरतोय. शेवटी रिंकूने शेजारच्या दोन बायकांना बोलावलं. त्या तिघींनी पुढून ढकलत मला गल्लीबाहेर काढलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. रिंकू मात्र घामेघूम. रस्त्याला लागल्यावर खिडकी नसलेल्या दाराला धरून मला म्हणाली, "मावशी, पुढच्या टायमाले मागं जानारी गाडी आनजो." म्हणजे माझ्या खोट्यावर तिचा एक क्षणही विश्वास बसला नव्हता.

येताना डाव्या सीटवर पाण्याचा कॅन होता. मी मूलपर्यंत रडत आले. उघडी गाडी, सगळं वाऱ्यावर.

घरी येऊन तुझं मागचं पत्र काढलं आणि त्या वाक्याच्या पुढचं वाचलं. तू लिहिलं होतंस, "मी तिला म्हटलं, आपल्याला मामा नाही, पण एक मावशी आहे, फार रागीट आहे, आणि तुझ्या आजोबांची गाडी ती एकटीने बांधते आहे. नीला, तुझी पत्रं मी पोरांना वाचून दाखवते. गुणवंतरावही ऐकतात. रिंकू विचारते, मावशी आपल्याकडे कधी येणार?" सगळं लिहिलेलं होतं. मला जे हवं होतं तेवढंच मी वाचलं.

तू दर पत्रात विचारतेस, मी कशी आहे. आता सांगते. मी बरी नाही. क्वार्टर ऐसपैस नाही, ते मला खायला उठतं. अजून दोन कप चहा टाकला जातो आणि एक मोरीत ओतते, ओतताना लाज वाटते. तू गेलीस याचा राग नाही, तुला घर हवं होतं हे मला माहीत होतं. पण खरं सांगू? मला तू दुःखी हवी होतीस. फार नाही, गाडीत बसून माझ्याबरोबर निघण्याएवढी. तुझं प्रत्येक "मी खुशाल आहे" मला बोचत होतं, म्हणून मी कार्बोरेटरबद्दल लिहीत बसायची. असं कुणी आपल्या माणसाबद्दल चिंततं का? मी चिंतलं. तुला कळलेलं बरं.

काल इंजेक्शनच्या खोक्यातून ती स्प्रिंग काढली. गिअरचा डबा पुन्हा उघडला. या वेळी बिरजूला हाक मारली, आणि बुधरीला बॅटरी धरायला लावलं. ती विचारत होती, "आता काऊन उघडून राह्यल्या? चालत त होती." मी म्हटलं, अर्धीच चालत होती.

मुऱ्हाळ्याचं काम काय असतं ते मी विसरले होते. तो लेकीला घेऊन जातो आणि ठरल्या दिवशी परत आणून सोडतो. आणून सोडायचं मी मनात धरलंच नव्हतं.

आमच्याकडची मंडई या महिन्याच्या शेवटी आहे. रात्री नाटक आहे, आपण चटई टाकून बसायचो तिथेच बसू. तुला यायचं असेल तर लिही, मी येते. दोन दिवस ठेवते आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात आणून सोडते. रिंकूला मांडीवर बसव, मावेल ती. यायचं नसेल तर तेही लिही. मी रागावेन, मला रागावू दे, आणि मग तुझ्या घरी जेवायला येईन. तेव्हा माझं नाव विचारलं तर खरं सांगेन.

गुणवंतराव भाऊजींना माझा नमस्कार सांग. इतक्या पत्रांत त्यांचं नाव घेऊन नमस्कार लिहिला नाही, हा पहिला.

आणि रिंकूला सांग, गाडी आता मागेही जाते.

तुझी वाट बघणारी,
नीला